ठराव, संमती आणि सम्यक वाचा

विधिमंडळात ठराव कसा संमत होतो, हे आपल्यापैकी पुष्कळांनी प्रत्यक्ष पाहिलेले नसते. चर्चा संपली म्हणजे अध्यक्ष ठराव मतास टाकतात. अनुकूल असणाऱ्यांनी 'होय' म्हणावे, प्रतिकूल असणाऱ्यांनी 'नाही' म्हणावे, असे सांगतात आणि आवाजावरून निर्णय जाहीर करतात. कोणी मतविभागणी मागितली तरच कोणत्या सदस्याने कोणत्या बाजूस मत दिले याची नोंद होते. 'नाही' असा आवाज उठलाच नाही, तर ठराव एकमताने संमत झाला, एवढेच कागदावर राहते. मनापासून 'होय' कोणी म्हटले आणि नुसते बसून कोण राहिले, हे त्या कागदावरून कळत नाही.

हे काम काही मिनिटांचे असते. परंतु त्या एका 'होय'मागे माणसाची नैतिक जबाबदारी किती, हा प्रश्न फार मोठा आहे. आपण बौद्धांनी तरी तो टाळता कामा नये. कारण अशा एका दिवसाची किंमत आपल्या माणसांनी घरादाराने आणि प्राणाने चुकविलेली आहे.

तो दिवस म्हणजे २७ जुलै १९७८. त्या दिवशी महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव द्यावे असा ठराव संमत केला. श्री. शरद पवार यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर येऊन त्या वेळी जेमतेम नऊ दिवस झाले होते. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, हे विद्यापीठ १९५८ साली स्थापन झाले. त्यापूर्वीच १९५० साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने त्या शहरात महाविद्यालय काढले होते. मराठवाड्यातील गोरगरिबांच्या मुलांना उच्च शिक्षणाची वाट ज्याने मोकळी करून दिली, त्याचे नाव तेथील विद्यापीठास द्यावे, यात अवाजवी असे काहीच नव्हते. सभागृहालाही ते अवाजवी वाटले नाही.

पुढे काय झाले, हे सर्वांना ठाऊक आहे. ठरावाची बातमी पोचली आणि मराठवाडा पेटला. नांदेड, परभणी व इतर जिल्ह्यांतील शेकडो गावांत आपल्या वस्त्यांवर हल्ले झाले. घरे जाळली, धान्य जाळले, माणसे गाव सोडून परागंदा झाली. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. सरकारने ठरावाची अंमलबजावणी थांबविली. १९७९ साली प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपुराहून लाँग मार्च निघाला. मोर्चे झाले, सत्याग्रह झाले, हजारो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असा नामविस्तार झाला. सभागृहातील 'होय' विद्यापीठाच्या कमानीपर्यंत पोचायला साडेपंधरा वर्षे लागली.

नागरिकशास्त्राच्या तासाला मी ही हकीकत सांगितली, तेव्हा आठवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, सगळेच हो म्हणाले होते, तर मग विरोध केला कोणी?" प्रश्न लहान मुलीचा आहे, पण त्याचे उत्तर मोठ्यांनी द्यावयाचे आहे.

याचे एक उत्तर कायद्याच्या पुस्तकात मिळते. ठराव आणि कायदा यांत फरक आहे. ठराव म्हणजे सभागृहाने व्यक्त केलेले मत. विद्यापीठ कायद्याने निर्माण होते आणि त्याचे नाव त्या कायद्यातच लिहिलेले असते. ते बदलायचे तर कायद्यात दुरुस्ती करावी लागते. त्यासाठी विधेयक मांडावे लागते, कलमवार विचार व्हावा लागतो, दोन्ही सभागृहांची मंजुरी आणि राज्यपालांची संमती घ्यावी लागते. २७ जुलैला मत व्यक्त झाले, कायदा बदलला नाही. ही फट विरोधकांना पुरेशी झाली.

परंतु हे उत्तर अपुरे आहे. सभागृहात सर्व पक्ष एका बाजूस होते. मराठवाड्यात त्याच पक्षांची स्थानिक मंडळी कोठे विरोधात उभी राहिली, तर कोठे गप्प बसली. मुंबईत दिलेली संमती गावच्या पारावर टिकली नाही. तेव्हा खरा प्रश्न असा की, जो माणूस सभेत 'होय' म्हणतो, त्याचे कर्तव्य सभा उठल्याबरोबर संपते काय?

हा अनुभव आपल्याला नवा नव्हता. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला होता. सार्वजनिक पैशाने बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. महाड नगरपालिकेने १९२४ साली त्यास अनुसरून चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले, पण पाण्याला हात लावण्याची कोणाची छाती झाली नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आपल्या लोकांसह त्या तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा त्या ठरावाचा खरा अर्थ लोकांना समजला. ज्यांनी ठराव केला होता, त्या नगरपालिकेने ४ ऑगस्ट १९२७ रोजी तो रद्द केला. पुढे मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. येथेही सभागृहाच्या शब्दापासून ओंजळीतल्या हक्काच्या पाण्यापर्यंत चौदा वर्षे गेली.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात एक गोष्ट आवर्जून सांगितली. लोकसभेची कार्यपद्धती भारताला परकी नाही. प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान हे सारे नियम भिक्खू संघात पाळले जात होते, आणि तथागतांनी ते आपल्या काळच्या राजकीय सभांकडून घेतले असावेत, असे त्यांनी दाखवून दिले. आपण याचा अभिमान बाळगतो. परंतु संघाच्या नियमांचा नैतिक आशय कोणता होता, तिकडेही लक्ष दिले पाहिजे.

विनयात महत्त्वाच्या कार्यासाठी आधी ज्ञप्ती, म्हणजे सूचना मांडली जाते. मग तीन वेळा अनुश्रावण होते. ज्याला मान्य असेल त्याने मौन राहावे, ज्याला मान्य नसेल त्याने बोलावे, असे तीनदा विचारले जाते. म्हणजे संघात मौन ही संमती आहे खरी. पण ती तीनदा विचारल्यानंतरची, बोलण्याची पूर्ण मोकळीक दिल्यानंतरची संमती आहे. भीतीने किंवा कंटाळ्याने तोंड मिटून बसणे म्हणजे ते मौन नव्हे.

याहून महत्त्वाचे दोन नियम पातिमोक्खातील पाचित्तिय वर्गात आहेत. संघात एखाद्या प्रश्नाचा विचार चालू असता जो भिक्खू आपली संमती न देताच आसनावरून उठून निघून जातो, त्याला दोष लागतो. आणि धर्मानुसार झालेल्या कार्यास संमती देऊन जो मागाहून त्याविरुद्ध कुरकुर करतो, त्यालाही दोष लागतो. या दोषाची कबुली त्याला दुसऱ्या भिक्खूसमोर द्यावी लागते. अडीच हजार वर्षांपूर्वी तथागतांच्या संघाने ओळखले होते की, सभा दोन प्रकारच्या माणसांमुळे बिघडते: निर्णयाच्या वेळी निसटणाऱ्यांमुळे, आणि निर्णयानंतर उलटणाऱ्यांमुळे. १९७८ साली हा नियम लावला असता, तर कितीजणांना कबुली द्यावी लागली असती, याचा वाचकांनीच विचार करावा.

यावर कोणी म्हणेल की, आमदार हा लोकांचा प्रतिनिधी आहे. लोक विरोधात गेले तर त्याने लोकांचे ऐकू नये काय? आक्षेप विचार करण्याजोगा आहे. प्रतिनिधीला मत बदलण्याचा अधिकार आहेच. पण त्याची जागा तेच सभागृह आहे. तेथे उभे राहून 'माझे मत बदलले, त्याची कारणे ही' असे सांगणारा माणूस चुकत असला तरी असत्य वागत नाही. सभागृहात 'होय' आणि गावात मौन, हे मात्र प्रतिनिधित्वही नव्हे आणि सत्यही नव्हे. आणि 'लोक' म्हणजे कोण? ज्यांची घरे जळाली तेही त्याच मतदारसंघाचे मतदार होते.

दुसरा आक्षेप असा की, माणसांचे जीव वाचविण्यासाठी अंमलबजावणी थांबविणे हीच करुणा नव्हती काय? जीव वाचविणे हे सरकारचे पहिले कर्तव्य होते, यात शंका नाही. पण ते कर्तव्य गुन्हेगारांना आवरून पार पाडावयाचे असते. घरे जाळली म्हणजे ठराव थांबतो, हा धडा एकदा जाळणाऱ्यांना मिळाला की पुढची घरेही सुरक्षित राहत नाहीत. ज्याच्यावर अन्याय झाला त्याचाच हक्क काढून शांतता विकत घेणे, हे करुणेचे काम होऊ शकत नाही. मैत्री आणि करुणा यांना धम्मात न्यायाचा आधार आहे.

तिसरा प्रश्न आपलेच काही लोक विचारतात. नावाने पोट भरते काय? पोट भरत नाही, हे खरे. पण पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना नावाने कोणी हाक मारली नाही, जातीवरूनच हाक मारली, त्यांना नावाची किंमत दुसऱ्याने शिकवायला नको. माझ्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. पदवीच्या कागदावर विद्यापीठाचे नाव वाचताना आपल्या मुलाला आपण परक्याच्या दारात उभे आहोत असे वाटू नये, एवढे त्या नावात निश्चित आहे.

बंधुभगिनींनो, आमदारांचा हिशेब मांडून आपल्याला थांबता येणार नाही. आपणही एक ठराव केलेला आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यानंतर ज्या ज्या कुटुंबाने दीक्षा घेतली, त्याने त्या मोठ्याने उच्चारल्या. काहींनी त्या गेल्या वर्ष-दोन वर्षांत उच्चारल्या असतील. दीक्षेचा दिवस हा आपल्या घराच्या विधिमंडळाचा दिवस होता. त्या दिवशीचे 'होय' अजून नुसता ठराव आहे, की त्याचा घरात कायदा झाला आहे?

लग्न ठरवताना मुहूर्त पाहिला जातो काय? हुंडा मागितला जातो काय? पोटजात विचारली जाते काय? शाळेत मुलाचे नाव घालताना धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहायला हात अडखळतो काय? बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती देणारी दुरुस्ती १९९० सालीच झाली आहे. तरीही अडखळणारे पालक दिसतात. बाहेर 'जयभीम' आणि घरात जुनाच कारभार, ही आपली एकमताने संमत झालेली पण अंमलात न आलेली बाब आहे.

आणि घरातील संमती घेतली कशी? पुष्कळ घरांत कर्त्या पुरुषाने निर्णय जाहीर केला आणि म्हातारी आई, पत्नी, सुना गप्प राहिल्या. तेवढ्यावर आपण 'कुटुंबाने दीक्षा घेतली' असे म्हणतो. संघाचा नियम घरालाही लावावा. तीनदा विचारावे. आईला जुने देव सोडवत नसतील तर ते तिने निर्भयपणे बोलावे आणि मुलाने ते ऐकून घ्यावे, तिला समजावून द्यावे. न विचारता घेतलेली संमती पहिल्याच संकटात मोडते. आजारपण आले की अंगारा घरात येतो, तो याच वाटेने.

पंचशीलातील चौथे शील असत्य वचनापासून परावृत्त होण्याचे आहे. आपण त्याचा अर्थ खोटे न बोलणे एवढाच घेतो. पण उच्चारलेला शब्द आपल्या आचरणाने खोटा पडू न देणे, हेही सम्यक वाचेत येते. आमदाराचे 'होय' साडेपंधरा वर्षे अडकून पडले, तेव्हा ते मोर्चात चालणाऱ्या माणसांनी खरे करून दाखविले. आपल्या घरातील 'होय' खरे करण्यासाठी बाहेरून कोणी मोर्चा घेऊन येणार नाही. येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर घरातील सर्वांनी बसून बावीस प्रतिज्ञा पुन्हा एकेक वाचाव्यात आणि प्रत्येक प्रतिज्ञेपुढे थांबून घरातील धाकट्यापासून थोरापर्यंत सर्वांना विचारावे: हे आपल्याला मान्य आहे काय, आणि असेल तर उद्यापासून काय बदलायचे?

जयभीम! नमो बुद्धाय!