कारभाऱ्याचा हिशोब

फेब्रुवारी महिन्यातील एका रविवारी मिस्सानंतर आमच्या धर्मग्रामातील एक तरुण पगाराची चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आला. पहिलीच नोकरी, चिठ्ठीची नवलाई अजून ओसरलेली नव्हती. त्याने एका ओळीवर बोट ठेवले. "फादर, व्यवसाय कर म्हणून दरमहा दोनशे रुपये कापतात, या महिन्यात तीनशे कापले. हे शंभर जास्त कशाचे? आणि हा पैसा जातो तरी कुठे?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. वर्षाचे २,५०० रुपये पुरे व्हावेत म्हणून अकरा महिने दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे घेतले जातात. दुसऱ्या प्रश्नाकडे वळणार, तोच शेजारी बसलेले एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "अरे पोरा, सरकारात गेलेल्या पैशाची चौकशी करू नये. आणि फादर, दुसऱ्याचा न्याय करू नका, असे तुम्हीच प्रवचनात सांगता ना?"

त्यांचा प्रश्न खोडसाळ नव्हता. राज्यकर्त्यांच्या हिशोबात लक्ष घालणे म्हणजे संशय घेणे नव्हे काय? आणि संशय हे ख्रिस्ती माणसाला शोभते काय? या प्रश्नाने पुढे अनेक दिवस माझा पिच्छा पुरवला.

प्रथम त्या दोनशे रुपयांची हकीकत सांगतो. १९७२ च्या भीषण दुष्काळात महाराष्ट्रातील लक्षावधी माणसे खडी फोडण्याच्या आणि मातीकामाच्या कामावर जगली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आकाराला आलेल्या रोजगार हमी योजनेचा पुढे १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणाऱ्या ग्रामीण माणसाला काम देणे हे शासनाचे कायदेशीर कर्तव्य ठरले. या योजनेसाठी पैसा उभा राहावा म्हणूनच १९७५ चा व्यवसाय कर आला. नोकरदाराने आपल्या पगारातून द्यावे आणि शासनाने तितकीच भर घालावी, अशी ती योजना होती. म्हणजे रोज पहाटेची लोकल पकडणारा आपला मुलगा आणि दुष्काळी तालुक्यातील पाझर तलावावर माती वाहणारी एखादी माउली यांना जोडणारा एक धागा त्या चिठ्ठीत आहे. एकमेकांचे नावही ठाऊक नसलेल्या दोन माणसांमधले हे शेजारधर्माचे नाते आहे. तो पैसा तिच्यापर्यंत पोहोचला का, असे त्या मुलाने विचारणे यात गैर ते काय?

विचारण्याची सोय राज्यघटनेनेच करून ठेवली आहे. दरवर्षी अर्थसंकल्प विधिमंडळापुढे येतो. खर्च झाल्यावर भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक हिशोब तपासतात आणि घटनेच्या १५१ व्या अनुच्छेदानुसार राज्याविषयीचा अहवाल राज्यपालांना सादर करतात. राज्यपाल तो विधिमंडळापुढे ठेववितात आणि मग लोकलेखा समिती त्याची छाननी करते. साखळी भक्कम आहे. परंतु हे अहवाल पुष्कळदा अधिवेशनाच्या अगदी अखेरच्या दिवशी सभागृहात येतात, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळी छापून येतात आणि विषय संपतो. तपासणारे तपासतात, वाचणारे आपण मात्र जागेवर नसतो.

आता त्या वडीलधाऱ्यांच्या शंकेकडे वळू. पुरेशा आधाराशिवाय दुसऱ्याला दोषी मानणे हे पाप आहे, अशीच ख्रिस्तसभेची शिकवण आहे. परंतु संत थॉमस अक्विनास यांनी येथे एक सूक्ष्म भेद केला आहे. माणसाविषयी मत बनविताना, शंका असेल तेथे चांगलाच अर्थ घ्यावा. त्यात आपली कधी फसगत झाली तरी हरकत नाही. वस्तूविषयी मत बनविताना मात्र ती जशी आहे तशीच पाहावी. सेमिनरीत हा भेद मी परीक्षेपुरता पाठ केला होता. त्याचा अर्थ कळला तो पुष्कळ वर्षांनी, आणि तोही माझ्याच चुकीमुळे.

चर्चच्या छपराची दुरुस्ती नुकतीच पार पडली होती. धर्मग्राम परिषदेच्या बैठकीत एका निवृत्त गृहस्थांनी नम्रपणे विचारले, "फादर, बिले पाहायला मिळतील का?" मला ते झोंबले. मी म्हणालो, "तुमचा माझ्यावर विश्वास नाही का?" ते बिचारे खाली मान घालून गप्प बसले. रात्री मला झोप येईना. उठून वही उघडली, तेव्हा दिसले की सिमेंटच्या एका बिलाची नोंद मी स्वतःच्या हाताने दोनदा केली होती. चोरी कोणीच केली नव्हती, पण हिशोब चुकीचा होता. त्या गृहस्थांनी वहीविषयी विचारले होते. उत्तर मी माझ्या अब्रूविषयी दिले होते. श्रद्धावंतांनी अर्पण केलेल्या पैशाचा हिशोब त्यांना द्यावा, असे १९८३ ची धर्मसंहिता १२८७ व्या कलमात सांगते. ते कलम मला माहीत होते. पुढच्या रविवारी दुरुस्त केलेला हिशोब फलकावर लावला आणि त्या गृहस्थांची क्षमा मागितली.

पवित्र शास्त्रातही अशी एक हकीकत आहे. राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात योवाश राजा मंदिराच्या डागडुजीसाठी पैसा याजकांच्या हाती सोपवतो. राजाच्या कारकिर्दीचे तेविसावे वर्ष उजाडते, तरी मंदिराची पडझड तशीच! मग झाकणाला भोक पाडलेली एक पेटी वेदीजवळ ठेवण्यात येते. ती भरली की राजाचा चिटणीस आणि प्रमुख याजक दोघे मिळून पैसे मोजतात. पुढे जे लिहिले आहे ते अधिक विचार करायला लावते. कारागिरांना देण्यासाठी ज्यांच्या हाती पैसा दिला जाई, त्यांच्याकडे हिशोब मागत नसत, कारण ते सचोटीने वागत.

पेटीजवळ कडक मोजणी आणि कामाच्या जागी विश्वास! आपल्याकडे नेमके उलटे झाले आहे. निराधार योजनेचे तुटपुंजे पैसे मिळावेत म्हणून म्हाताऱ्या विधवेने दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा, मजुराने अंगठा उमटवायचा. आणि कोट्यवधींच्या खर्चाचा अहवाल मात्र कोणी उघडून पाहायचा नाही. गरिबाची तपासणी हा नियम आणि मोठ्यांची तपासणी हा संशय, असे आपण कधी ठरवले?

गरिबांनी स्वतः हा प्रश्न विचारल्याचे उदाहरण राजस्थानात आहे. डिसेंबर १९९४ मध्ये कोट किराना या गावी मजूर किसान शक्ती संघटनेने जनसुनावणी भरवली. कामाचे हजेरीपट आणि बिले भर सभेत मोठ्याने वाचण्यात आली. जे कामावर कधी गेलेच नव्हते, त्यांच्या नावावर मजुरी लागलेली निघाली. कागद बंद होता तोवर सगळे कुजबुजत होते. वाचला गेला तेव्हा खरे काय ते सर्वांसमोर आले. तेथून सुरू झालेल्या चळवळीचा २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात मोठा वाटा आहे.

वाचकहो, दुसऱ्या टोकाचाही धोका आहे. सुगंधी तेल विकून पैसे गरिबांना का दिले नाहीत, असे विचारणारा यहूदा होता, आणि पैशांची थैलीही त्याच्याच हाती होती. हिशोब मागणारा प्रत्येक जण गरिबांचा कैवारी असतोच असे नाही. "सगळेच चोर" असे चावडीवर बसून म्हणणाऱ्याने तर एकही कागद वाचलेला नसतो. तोच खरा अविचारी न्याय. अहवाल वाचणारा मनुष्य सावकाश बोलतो. कोठे चुकले आणि किती चुकले, तेवढेच बोलतो, आणि जेथे काम चोख झाले तेथे तेही मान्य करतो. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी नेताना संत पौलाने मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतला. आपला व्यवहार देवापुढे जसा, तसाच माणसांपुढेही स्वच्छ दिसावा, ही त्याची तळमळ होती. त्याला कोणी संशयी म्हटले नाही.

त्या तरुणाला मी हे सारे सांगितले. आता आमच्या युवक मंडळाने महिन्यातून एकदा बसून आपल्या राज्याच्या अर्थसंकल्पाचे आणि लेखापरीक्षेच्या अहवालाचे एकेक प्रकरण वाचायचे ठरवले आहे. सुरुवात मात्र धर्मग्रामाच्या जमाखर्चापासून करावी, अशी अट मीच घातली. ते वडीलधारे गृहस्थही येतात; मागच्या बाकावर बसतात, पण बेरीज चुकली की सर्वांआधी तेच टोकतात.

कारभाराचा हिशोब दे, असे एके दिवशी आपणा सर्वांना ऐकावे लागणार आहे. तू चोरलेस काय, एवढेच तेव्हा विचारले जाईल असे मला वाटत नाही. तुझ्या शेजाऱ्याच्या वाट्याचे त्याला मिळाले की नाही, हे तू कधी पाहिलेस काय, असेही विचारले जाईल.