आडोसा

सायकल चालवणाऱ्याला वारा कायम समोरूनच येतो. जाताना समोरून आला, आता परतताना तरी पाठीवर घेऊ असा हिशेब करून वळावं, तर परततानाही तो समोरच. यात वाऱ्याचा दोष थोडा आणि आपला जास्त. हवा आपल्या जागी असते, आपण तिच्यात घुसतो म्हणून ती वारा होते. ताशी दहा-बारा किलोमीटरने दळण आणायला निघालेल्याला ती जाणवतही नाही. पण सपाट रस्त्यावर ताशी चाळीसला पोचलेल्या स्वाराची जवळपास नव्वद टक्के मेहनत नुसती हवा बाजूला सारण्यात जाते. पुढे तर हा सौदा आणखी महागतो. हवेपुरतं बोलायचं तर वेग दुप्पट करायला ताकद आठपट लागते. सावकारीतसुद्धा असा व्याजदर ऐकलेला नाही.

शाळेत असताना आम्ही एसटीच्या मागे लागायचो ते यामुळेच, अर्थात तेव्हा कारण ठाऊक नव्हतं. थांब्यावरून सुटलेल्या गाडीच्या मागच्या पत्र्याला नाक लावून, धूर खात, जिवाच्या आकांताने पॅडल मारायचं. मधेच एक क्षण असा यायचा की पाय एकदम हलके व्हायचे आणि आपण फार दांडगे झालो आहोत असं वाटायचं. मग ड्रायव्हर गिअर बदलायचा, गाडी दोन हात पुढे सरकायची आणि छातीवर कोणीतरी पंजा ठेवल्यासारखं व्हायचं. 'वाऱ्यावर सोडणं' म्हणजे काय हे मला मराठीच्या तासाला शिकावं लागलं नाही.

पोरांच्या या उद्योगाला न्यूयॉर्कच्या चार्ल्स मर्फी या सायकलपटूने १८९९ साली रीतसर प्रयोगाचं रूप दिलं. त्याचा दावा असा, की पुढची हवा कोणी फोडून दिली तर कुठल्याही रेल्वे इंजिनाच्या मागे मी टिकून राहीन. लोक हसले. लाँग आयलंड रेलरोडच्या एका अधिकाऱ्याला मात्र त्यात कंपनीची जाहिरात दिसली. रुळांच्या मधल्या जागेत दोनेक मैल फळ्या अंथरल्या गेल्या, गाडीच्या मागच्या टोकाला खोपीसारखा आडोसा बांधला गेला आणि ३० जूनला मर्फी त्या खोपीत शिरला. एक मैल, ५७.८ सेकंद. माणूस सायकलवरून मिनिटाला मैलापेक्षा जास्त गेला होता.

यावरून मर्फीचे पाय किती बळकट होते हे काही कळत नाही. कळतं ते हवेबद्दल. एकट्या स्वाराला जी भिंत कधीच ओलांडता आली नसती, ती पुढच्या डब्याने उचलून बाजूला ठेवली आणि भिंतीपलीकडे स्वाराची नेहमीचीच ताकद पुरेशी ठरली. तेव्हापासून सव्वाशे वर्षं हा खेळ चालू आहे. फक्त आगगाडीच्या जागी मोटार आली आणि फळ्यांच्या जागी आधी महामार्ग, मग अमेरिकेतल्या युटा राज्यातलं बॉनेव्हिलचं मिठाचं पांढरंशुभ्र मैदान. १९४१ मध्ये ताशी १७५ किलोमीटर, १९८५ मध्ये जॉन हॉवर्डचे २४५, १९९५ मध्ये डच सायकलपटू फ्रेड रॉम्पेलबर्गचे २६८.८, आणि १६ सप्टेंबर २०१८ रोजी डेनिस म्युलर-कोरेनेक या बाईंचे २९६. ताशी २९६ किलोमीटर, सायकलवर.

म्युलर-कोरेनेकची सायकल पाहिली असती तर आपल्या सायकलवाल्याने पंक्चर काढायलाही नकार दिला असता. लांबुडकी, मोटरसायकलची छोटी चाकं लावलेली, आणि एकीची गती दुसरीकडे वाढवत नेणाऱ्या दोन चेन. पॅडलची एक फेरी पूर्ण झाली की साधी सायकल पाच-सहा मीटर जाते, ही सुमारे एकोणचाळीस जाते. म्हणजे थांबलेल्या अवस्थेतून ती कोणाच्या बापाला हलवता येणार नाही. म्हणून आधी गाडीला दोरीने बांधून तिला ताशी दीडशेच्या पुढे ओढत नेतात, मग दोरी सुटते आणि खरं पॅडल मारणं सुरू होतं. गाडीच्या मागच्या मोठ्या आडोशात हवा जवळजवळ शांत असते, उलट घोंघावत आत वळणारी हवा स्वाराच्या पाठीवर हलका हातही ठेवते. पण दोनेक मीटर मागे राहिलं की ताशी तीनशेचा वारा अंगावर, आणि पुढे सरकलं की गाडीवर आदळणार. जगायची जागा काय ती या दोन्हींच्या मधली.

यावर ठरलेला आक्षेप असा, की मग यात माणसाचं काय? ओढलं गाडीने, हवा फोडली गाडीने. आक्षेप खोटा नाही. पण 'स्वतःच्या बळावर' याची सीमा कोणी आखायची, हा प्रश्न सायकलच्या जगात फार जुना आहे आणि त्याची उत्तरं बहुधा टेबलाभोवती बसून दिली गेली आहेत. १९३३ मध्ये फ्रान्सिस फोर या दुय्यम दर्जाच्या समजल्या जाणाऱ्या स्वाराने शार्ल मोशे याने बनवलेल्या, आरामखुर्चीत रेलल्यासारखं बसायच्या सायकलवर तासाभरात ४५.०५५ किलोमीटर कापले आणि ऑस्कर एगचा १९१४ पासून अबाधित असलेला विक्रम मोडला. ना मोटार, ना इंजिन. नुसतं आडवं झाल्यामुळे वाऱ्याला अंग कमी दिलं, इतकंच. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने सायकलची व्याख्या अशी केली की मोशेची सायकल सायकलच उरली नाही. माणूस पुढे गेला की नियमाची रेघ मागे ओढायची, ही पद्धत काही सायकलपुरती नाही.

व्याख्येबाहेर हाकललेल्या त्या आडव्या सायकलींचे वारसदार हल्ली दर सप्टेंबरात नेव्हाडातल्या बॅटल माउंटन नावाच्या छोट्या गावाबाहेर जमतात. तिथे पुढे गाडी नसते. वारासुद्धा सेकंदाला १.६७ मीटरपेक्षा जास्त असला तर वेग धरत नाहीत. स्वार माशासारख्या गुळगुळीत कवचात उताणा पडून काही मैल वेग वाढवत येतो आणि शेवटच्या २०० मीटरमध्ये मोजला जातो. कॅनडाचा टॉड रायकर्ट २०१६ मध्ये तिथे ताशी १४४.१७ किलोमीटरने गेला. या कवचाला खिडकीही नाही, कारण खिडकीची कडा हवेला अडवते. रस्ता आतल्या पडद्यावर कॅमेऱ्यातून दिसतो. हाच रायकर्ट २०१३ मध्ये पायांनी चालवायचं हेलिकॉप्टर मिनिटभर हवेत ठेवून सिकॉर्स्की पारितोषिक मिळवलेल्या जोडगोळीतला एक. हवेशी याचं काही जुनं वैर असावं.

आता २९६ मधून १४४ वजा करा. उरलेले १५२ म्हणजे दुसऱ्याने दिलेल्या आडोशाची किंमत, आणि तीही कवचासारखा उत्तम आडोसा आधीच पांघरलेल्या माणसाशी तुलना करून. दोन्ही वेग माणसाच्या पायांनीच गाठलेले. कोणता खरा, असं विचारलं तर मी २९६ कडे झुकतो. त्या आकड्यात आडोसा लपवलेला नाही. गाडी सगळ्यांना दिसते, चालकाचं नाव विक्रमासोबत घेतलं जातं. (उतारावर बर्फावरून ताशी २२७ ने घसरत गेलेल्या एरिक बारोनच्या छातीबद्दल मला आदर आहे, पण तिथे काम गुरुत्वाकर्षणाने केलं. आणि सायकलला रॉकेट लावून ३३३ गाठणाऱ्या फ्रान्स्वा जिसीच्या बाबतीत सायकल फक्त बसायला होती.)

मराठीत आधार नेहमी पाठीशी असतो. माणसं पाठीशी उभी राहतात, पाठबळ देतात, पाठराखण करतात. सायकलवाल्याला या सगळ्याचा उपयोग कमी, त्याला कोणीतरी पुढ्यात लागतं. शर्यतीतही तेच. संघातले चौघे-पाचजण आळीपाळीने पुढे येऊन वारा अंगावर घेतात आणि शेवटच्या दोनशे मीटरसाठी जपून ठेवलेला एकजण त्यांच्या आडून निघून जिंकतो. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट लागला की मात्र वेग इतका उतरतो की आडोशाला फारसा अर्थ राहत नाही, तिथे ज्याचे त्याचे पाय. 'घाटाचा राजा' या किताबाला वेगळा मान का, हे सपाटीवर कोणाच्या तरी मागे सायकल चालवलेल्याला सांगावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र मला सुरुवातीला समजली नव्हती. गाडीमागचे हे विक्रमवीर तरुण नाहीत. रॉम्पेलबर्ग पन्नाशीला टेकला होता, म्युलर-कोरेनेक पंचेचाळीसची, तीन मुलांची आई, किशोरवयात स्पर्धा गाजवून सायकल सोडलेली आणि पुन्हा त्याच जुन्या प्रशिक्षकाकडे परतलेली. हा प्रशिक्षक म्हणजे १९८५ चा जॉन हॉवर्ड. फ्रान्सचा जोझे मेफ्रे १९५२ मध्ये अशाच प्रयत्नात पडून डोक्याची कवटी फोडून घेतलेला, तो दहा वर्षांनी, एकोणपन्नासाव्या वर्षी, जर्मनीतल्या फ्रायबुर्गजवळच्या महामार्गावर मर्सिडीजच्या मागे १३० दात्यांचं चेनव्हील फिरवत दोनशेच्या पुढे गेला. खिशात चिठ्ठी होती : मेलो तर हळहळू नका, मी लहानपणीच पोरका झालेला गरीब माणूस आहे. अशा माणसाने दुसऱ्याच्या पाठीवर इतका भरवसा टाकावा, याचं मला नवल वाटत आलं आहे. ताकद विशीत जास्त असते. दुसऱ्याच्या मागे, समोरचं काही न दिसता, हातभर अंतर राखत स्थिर राहणं कदाचित पन्नाशीत जमतं.

म्युलर-कोरेनेकच्या पुढची गाडी शे हॉलब्रुक चालवत होती. तीच गाडी, जिच्या मागे तेवीस वर्षांपूर्वी रॉम्पेलबर्ग गेला होता. हॉलब्रुकचं काम वेगाने जाण्याचं नव्हतं, ती गाडी म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीची ड्रॅगस्टर, ती तर त्याहून कितीतरी जोरात पळू शकते. मागच्या बाईचे पाय जितके देतील तितकाच वेग चढवायचा, त्याहून तसूभर जास्त नाही, हे तिचं काम. एसटीच्या ड्रायव्हरला आम्ही मागे आहोत हे माहीतच नसायचं. इथे सगळं त्या माहीत असण्यावर चाललेलं.

आणि बॅटल माउंटनचा तो एकटा स्वार? त्याचं कवच बाहेरून चिकटपट्टीने बंद करतात. पाय जमिनीला टेकवायला जागा नसते, त्यामुळे सुटताना त्याला दोन माणसं धरून तोलतात, चार पावलं पळत ढकलतात. मोजणीची रेघ ओलांडल्यावर वेग मरेपर्यंत तो पुढे जात राहतो. तिथे रस्त्याच्या कडेला दुसरी दोघं-तिघं पळायच्या तयारीत उभी असतात. मर्फीच्या वेळी फळ्या संपत आल्या, गाडी मंदावली आणि तो डब्यावर आदळला, तेव्हा मागे उभ्या माणसांनी त्याला सायकलसकट वर ओढून घेतलं होतं. ही माणसंही तेच करतात. डगमगायला लागलेलं ते कवच पडण्याआधी धावत जाऊन धरतात, पट्टी ओरबाडून काढतात, आणि आतला माणूस बाहेरची हवा ओढायला लागतो.