फीत नसलेली कॅसेट

जुन्या गाडीच्या कारटेपला एमपीथ्री प्लेअर जोडायला एक साधी युक्ती आहे: कॅसेट अडॅप्टर. दिसायला कॅसेटच, पण आत फीत नाही. कडेला एक छोटं चुंबकीय हेड, पोटात दोनचार दातेरी चक्रं आणि कोपऱ्यातून बाहेर आलेली बारीक वायर. वायरीची साडेतीन मिलिमीटरची पिन प्लेअरला लावायची, कॅसेट आत सरकवायची. खट् आवाज होतो, चक्रं फिरतात, गाणं सुरू होतं.

चक्रांचा गाण्याशी काही संबंध नाही. फिरणं थांबलं की कॅसेट संपली असं धरून बरेच कारटेप बंद पडतात किंवा बाजू बदलतात, म्हणून ती फिरवायची. खरं काम चालतं समोरासमोर आलेल्या दोन हेडांमध्ये, एक अडॅप्टरचं आणि एक कारटेपचं. प्लेअरमधून आलेला प्रवाह अडॅप्टरच्या वेटोळ्यातच राहतो. तो कमीजास्त होतो तसं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि त्या बदलातून कारटेपच्या वेटोळ्यात नवा प्रवाह उपजतो. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवलेलं प्रवर्तन ते हेच. तारेला तार जोडलेलीच नसते.

मग पलीकडे पोचतं ते तेच गाणं, की दुसरं?

हा वाद आपल्याकडे फार जुना. नैयायिकांच्या, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांच्या मते शब्द हा आकाशाचा गुण, उपजणारा आणि नासणारा. घंटेचा पहिला नाद कानापर्यंत चालत येत नाही. तो दुसऱ्याला जन्म देऊन विरतो, दुसरा तिसऱ्याला. पाण्यावर लाटेतून लाट उठावी तसा. कानाला भेटतो तो शेवटचा. दोन हेडांमधला व्यवहार बघताना हे म्हणणं डोळ्यांसमोर उभं राहतं.

मीमांसकांना, म्हणजे मीमांसा दर्शनाच्या पंडितांना, ते मान्य नाही. शब्द नित्यच आहे, ध्वनी त्याला फक्त प्रकट करतो. दहा जणांनी ‘ग’ म्हटलं तरी ऐकणारा ‘तोच ग’ म्हणून ओळखतो. यावर आक्षेप असा, की पुष्कळ जण एकदम बोलले तर शब्द मोठा होतो. वाढणारी वस्तू नित्य कशी? मीमांसेचे सूत्रकार जैमिनी यांच्या सूत्रांत उत्तर आहे: वाढतो तो नाद, शब्द नव्हे. आवाजाचं बटण फिरवणाऱ्याला हे चटकन पटावं.

आवाजाच्या प्रवासापुरतं नैयायिकांचं पारडं जड, यात शंका नको. पण दिवंगत आईने म्हटलेली जात्यावरची ओवी प्लेअरमध्ये असेल, तर प्रश्न पोथीतला राहत नाही. ऐकणारा मुलगा ‘ही आईच’ म्हणतो आणि साहजिकच मीमांसकांकडे धाव घेतो. तिथे मात्र त्याचा हिरमोड होतो. त्यांना वेदवचन नित्य ठरवायचं होतं, त्यामुळे त्यांनी नित्य मानली ती अक्षरं. गळ्याचा घोगरेपणा, ओळ संपताना घेतलेला श्वास, हे सारं त्यांनी ध्वनीच्या, म्हणजे नाशवंताच्या पदरात टाकलं. मुलाला हवं असतं नेमकं तेच.

अडॅप्टरला अक्षरं कळत नाहीत. तो त्या घोगरेपणाच्या चढउतारांची नक्कल पलीकडे उठवतो, एवढंच. हेड जरा तिरकं बसलं तर आधी ‘स’ची धार जाते, ओवी घोंगडीआडून आल्यासारखी वाटते. मग अंगठ्याने कॅसेट किंचित दाबून धरायची. ‘स’ स्वच्छ होतो आणि ओळीच्या शेवटचा श्वासही पुन्हा ऐकू येतो.