स्थळांची नातीगोती

गाव कोठे आहे हा प्रश्न भूगोलाचा. गाव कोणाचे आहे हा नीतीचा. संगणकावरील भौगोलिक माहितीसेवा या दोन्ही प्रश्नांना बहुधा एकच उत्तर देतात. म्हणून वरवर तांत्रिक दिसणाऱ्या या विषयाचा विचार आम्हांस अगत्याचा वाटतो.

आपल्या जुन्या दप्तरांत स्थळांची दोन नाती नोंदली जात. पत्त्यात मुक्काम, तालुका, जिल्हा अशी उतरंड असे. खरेदीखतात पूर्वेस कोणाचे शेत, दक्षिणेस कोणता ओढा अशी चतुःसीमा असे. पहिले नाते पोटात असण्याचे, दुसरे शेजाराचे. माहितीसेवांनी हीच दोन्ही उचलली. याहूने २००८ साली सुरू केलेल्या व पुढे बंद केलेल्या जिओप्लॅनेट सेवेत प्रत्येक स्थळाला क्रमांक असे आणि त्याचा पालक, अपत्ये, भावंडे व शेजारी विचारता येत. शब्द कुटुंबातलेच, परंतु या कुटुंबात पालक एकच.

एकपालकी उतरंड काय लपविते? १९८७ पर्यंत गोवा, दमण व दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश होता. कोष्टकाच्या हिशेबी गोवा आणि दूरचे दमण सख्खी भावंडे, आणि गोव्याला लागून असलेली सावंतवाडी परक्या घरची! यानम आजही पुदुच्चेरीचे. भोवती मात्र आंध्र प्रदेश. बेळगाव १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेले; २०१४ पासून त्याचे अधिकृत नाव बेळगावी झाले. रकान्यात उरते ती केवळ शेवटची ओळ. ती खोटी नसते; अपुरी असते.

तरीही एकाच पालकाची बाजू आम्हांस टाकाऊ वाटत नाही. पूर आला तर होडी कोणी पाठवायची, शाळेचे छप्पर कोणी शाकारायचे, याचे उत्तर एकच असावे लागते. दोघांच्या नावे लागलेले गाव पुष्कळदा कोणाचेच राहत नाही, हे शासनसेवेत ज्यांनी वर्षे घालविली त्यांना सांगावयास नको. जबाबदारीला एक धनी हवा.

परंतु जबाबदारी म्हणजे इतिहास नव्हे. गेटी संस्थेच्या स्थळनामकोशात एका स्थळाला अनेक पालक देता येतात. विकिडेटात प्रशासकीय नोंदीला आरंभ व अंताची तारीख जोडता येते. जिओनेम्समध्ये एकाच गावाची निरनिराळ्या भाषांतील नावे शेजारी नांदतात. अर्थात अडचण यंत्राची नाही. जुनी ओळ पुसून नवी लिहावी की जुनीवर तारीख घालून ती राखावी, हा निर्णय माणसाचा आहे, आणि राखणे हेच न्याय्य आहे.

आता उरले तिसरे नाते. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील मराठी घराण्यांचा महाराष्ट्राशी संबंध ना पोटात असण्याचा, ना शेजाराचा. तो भाषेचा, कुलदैवताचा, स्मरणाचा. त्यासाठीही एक रकाना असावा काय? आमच्या मते नसावा. स्मृती रकान्यात भरली की तिचा दावा होतो, आणि दाव्याला प्रतिदावा आलाच. ज्या मातीने आमच्या पिढ्या पोसल्या तिच्याशी आम्हांस दावा मांडावयाचा नाही. दप्तराने तारखा प्रामाणिकपणे जपाव्यात. नाते जपण्याचे काम घरांनी करावे.