पाहण्याचे देणे

मुंबईत काळा घोडा येथे १९५२ साली सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून जहांगीर कलादालन उभे राहिले. आत दालनांत प्रदर्शने भरतात. बाहेर पदपथावरही चित्रकार आपली चित्रे मांडतात. पाहायला पैसे पडत नाहीत. मग आपण तिथे काहीच देणे लागत नाही काय?

ओळखीच्या चित्रकाराचे प्रदर्शन असले की आपण जातो, एक फेरी मारतो, अभिप्रायाच्या वहीत 'फारच छान' लिहितो आणि निघतो. त्याचे मन राखले, असे आपल्याला वाटते. पण जे नीट पाहिलेच नाही त्याची स्तुती करणे हे गोड शब्दांतले असत्यच होय. आपण ओळखीला मान दिला, कामाला नाही.

मग दोष दाखवावेत काय? घाईने काढलेले दोषही तितकेच पोकळ असतात. सत्य आणि प्रेम यांची गाठ पडते ती सावकाश पाहण्यात. एकाच चित्रापुढे पाच मिनिटे थांबावे, 'हा रंग इथे का?' असे चित्रकाराला विचारावे. चित्र विकत घेणे सर्वांना परवडत नाही. लक्ष देणे परवडते. आतल्या ओळखीच्या आणि बाहेरच्या अनोळखी चित्रकाराचे आपण तेवढे देणे सारखेच लागतो.