कोठीतली चौदा पोती

पैनगंगेला पूर आला की आदिलाबादकडून येणारा रस्ता तुटायचा. त्या श्रावणात आठवडाभर ट्रक आला नाही आणि वसतिगृहातल्या पोरांच्या ताटात भाताऐवजी पातळ पेज पडू लागली. पाचवीतला एक मुलगा ताट तिरपं करून शितं एका कडेला जमवायचा, मग एकेक उचलून खायचा.

कोठीत मात्र तांदळाची १४ पोती होती. किल्ली भांडारपालाच्या करदोट्याला.

"तपासणीला माल वहीप्रमाणे भरला पाहिजे, गुरुजी. वरून निरोप आल्याशिवाय पोतं फोडता येत नाही."

माणूस वाईट नव्हता, हे सांगायलाच हवं. त्याच्या आधीचा एकजण अर्ध्या पोत्याच्या तफावतीपायी घरी बसला होता.

निवृत्त गुरुजी पोरांना मराठी शिकवायला अजून यायचे. ते भांडले नाहीत, ओट्यावर टेकले.

"केंजी दोइहारा म्हणून एक जपानी सेनापती होता. मूळचा लष्करी हेरखात्यातला. १९३१ साली चीनच्या पदच्युत बादशहाला, पुयीला, त्यानंच गुपचूप मंचुरियात नेलं. पुढं जपान्यांनी त्या पुयीला गादीवर बाहुल्यासारखं बसवलं. महायुद्ध संपल्यावर टोकियोत खटला चालला, तेव्हा या कारस्थानांची झाडाझडती झालीच. पण भाऊ, त्यातलं एक कलम तुमच्या खात्याचं होतं."

"माझ्या?"

"कोठीचं. १९४४च्या एप्रिलपासून वर्षभर मलाया, सुमात्रा, जावा त्याच्या हाताखाली होते. आपल्या निजामाची पलटणसुद्धा १९४१ साली मलायात, कोटा भारूच्या विमानतळावर राखणीला होती. त्या मुलखातले युद्धकैदी या सेनापतीच्या अमलात अन्नावाचून, औषधावाचून खंगले, मेले. बचावाचं म्हणणं असं, की जपान हरत चालला होता, दळणवळण तुटलं होतं, रसद आणायची कुठून?"

भांडारपाल पुराच्या दिशेनं बघू लागला.

"हे खोटं नव्हतं," गुरुजी म्हणाले. "पण जे अन्न, जी औषधं हाताशी होती, तीही रोखून धरली होती. कोर्टानं नेमकं तिथंच बोट ठेवलं. जपान शरण गेला आणि कैद्यांची स्थिती बरीच सुधारली. दोइहारा स्वतः साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिलाच नाही. हैदराबाद भारतात आलं त्याच सालची गोष्ट. १२ नोव्हेंबर १९४८ला शिक्षा सुनावली, २३ डिसेंबरला फाशी."

"सगळ्या न्यायाधीशांना पटलं?"

"नाही. ११ जणांत आपले राधाबिनोद पाल होते. त्यांनी सगळ्याच आरोपींना निर्दोष ठरवलं. पण कैद्यांचे हाल झाले, हे त्यांनीही नाकारलं नाही."

"मी कुणाला मारलं नाही, गुरुजी."

"मी कुठं तसं म्हणतोय? आत किती पोती आहेत, एवढंच विचारतोय."

बराच वेळ नुसता पाऊस ऐकू येत होता. मग कुलूप वाजलं.

पोत्याची शिवण योग्य टोकानं ओढली तर सर्रकन सुटते. जन्मभर पोती फोडलेल्या त्या माणसाला त्या संध्याकाळी टोक सापडेना. पाचवीतल्या मुलानं कंदील जवळ धरला, तेव्हा सुतळी सुटली.

रात्री पोरं भात जेवून झोपली. भांडारपालानं वही उघडली, शिल्लक १३ लिहिली. 'कोणाच्या आदेशाने' या रकान्यात त्यानं स्वतःचं नाव घातलं आणि खाली सही केली.