मांडव आणि कात्री

ज्याचे संगोपन आपण करतो त्याला आपल्या मनाजोगते वळण लावण्याचा अधिकार आपणांस कोठवर पोहोचतो, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या ग्रंथांत जितका आहे तितकाच घरामागच्या बागेतही आहे. बागेत तो अधिक उघडा दिसतो. कारण तेथे हाती कात्री असते आणि समोरचा जीव तक्रार करीत नाही. या प्रश्नाचा विचार आम्ही येथे विस्टेरिया या एका वेलीच्या आधाराने करू इच्छितो.

चीन, जपान आणि उत्तर अमेरिका ही या वेलीच्या निरनिराळ्या जातींची मायभूमी. चिनी जातीची वेल १८१६ साली इंग्लंडात पोहोचली आणि तेथील घरांच्या भिंतींवर स्थिरावली. हिवाळ्यातील चांगल्या थंडीवाचून ती नीट फुलत नाही. म्हणून आपल्या इंदूर-बेळगावच्या अंगणांत ती सहसा आढळत नाही. आपल्याकडे तसाच जांभळा बहर देते ती पेट्रिया. रवींद्रनाथांनी तिला ‘नीलमणिलता’ हे सुरेख नाव दिले. मात्र विस्टेरियाचे संगोपन हा निराळाच धडा आहे.

आपल्या काव्यपरंपरेत वेल ही नाजूक आणि आश्रित. कालिदासाच्या शकुंतलेची वनज्योत्स्ना आम्रवृक्षाला बिलगून असते आणि त्यातच तिची शोभा मानली जाते. विस्टेरिया हा समज मोडून काढते. तिचे खोड वर्षागणिक जाडजूड होते, तिचे वेढे कठडे वाकवतात, पन्हळी उखडतात आणि कोवळ्या झाडाला आवळून मारूही शकतात. आश्रय घेणारा दुबळाच असतो असे नाही, हे तिच्याकडे पाहून कळते.

ही वेल बियांपासून वाढवली तर फुलण्यास दहा-पंधरा वर्षेही लागतात. म्हणून जाणकार कलमच लावतात. ती शेंगवर्गातील असल्याने मुळांवरील गाठींच्या साहाय्याने हवेतील नत्र मिळवते. वर नत्रयुक्त खताचा मारा केला, तर पालाच माजतो आणि फुले रुसतात. छाटणी वर्षातून दोनदा करावयाची. उन्हाळ्यात बहर ओसरल्यावर लांब धावणारे फुटवे पाच-सहा पानांवर तोडावयाचे आणि ऐन हिवाळ्यात तेच दोन-तीन डोळे राखून आखूड करावयाचे. मग त्या आखूड फांद्यांवर कळ्या धरतात आणि वसंतात घोस लोंबू लागतात.

एवढे वाचल्यावर कोणाही पालकास वा शिक्षकास तात्पर्य काढण्याचा मोह होईल : लाड कमी करा, वेळीच छाटा, म्हणजे जीवन फुलेल. आम्हांस हे तात्पर्य मान्य नाही, कारण ते अर्धेच खरे आहे. रानातल्या विस्टेरियाची छाटणी कोण करतो? ती उंच वृक्षांच्या शेंड्यांपर्यंत चढते, तेथे ऊन गाठते आणि कोणाच्याही कात्रीवाचून भरभरून फुलते. म्हणजे छाटणी ही वेलीची गरज नव्हे, ती आपली गरज आहे. फुले आपल्या अंगणात यावीत, आपल्या नजरेच्या उंचीवर यावीत, आणि वेलीने आपले छप्पर मात्र उचकटू नये, यासाठी आपण छाटतो. ‘तुझ्याच भल्यासाठी’ हे वाक्य कात्री चालवताना उच्चारणे अप्रामाणिक आहे. ‘तुला आणि मला एकत्र राहावयाचे आहे, म्हणून’ हे वाक्य प्रामाणिक आहे.

मग कात्री टाकून द्यावी काय? कॅलिफोर्नियातील सिएरा माद्रे या गावी १८९४ साली एका घरापाशी एक रोप लावले गेले. त्याची किंमत ७५ सेंट होती असे सांगतात. त्या रोपाने पुढे एकरभर विस्तार केला. लोक दुरून ते पाहावयास येऊ लागले. परंतु ज्या घरापाशी ते लावले होते ते मूळ घर त्या वेलीने मोडले. अमर्याद मुभेची किंमतही कोणीतरी मोजतोच.

याउलट जपानमधील आशिकागा येथील उद्यानात दीडशे वर्षांहून जुनी एक विस्टेरिया आहे. १९९६ साली ती सुमारे वीस किलोमीटर अंतरावरून तेथे हलवण्यात आली. कोनामी त्सुकामोतो या वृक्षचिकित्सक बाईंनी त्यासाठी सुमारे दोन वर्षे तयारी केली, खोडाला इजा होऊ नये म्हणून मोडलेल्या हाडाला बांधतात तसे प्लास्टर बांधले. तेव्हा फांद्यांची कात्रणी करावीच लागली. परंतु पुढे वेल वाढत गेली तसतसा तिचा मांडवही वाढवला गेला आणि आज तो हजार चौरस मीटरच्या वर पसरला आहे.

आमच्या मते अधिकाराची कसोटी येथे सापडते. कात्री धरण्याचा अधिकार त्यालाच, जो मांडवही वाढवत नेतो. केवळ छाटणारा तो शासक, आणि कधीच न छाटणारा तो बेफिकीर.

ही कसोटी आपणांस दूरची नाही. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या नांदणारी आपली कुटुंबे मुलांनी घरात मराठीच बोलावे असा आग्रह धरतात. शाळेची भाषा वेगळी, बाजाराची वेगळी, खेळगड्यांची आणखी वेगळी; तरी आपण त्यांची वाक्ये मध्येच तोडून दुरुस्त करतो आणि म्हणतो, हे तुमच्याच हिताचे आहे. खरे पाहता मुले दुसऱ्या भाषांतूनही फुलतीलच. त्यांनी आपल्या अंगणात, आपल्याला कळेल अशा भाषेत फुलावे, ही इच्छा आपली आहे. ती इच्छा असण्यात गैर काही नाही. ती लपवण्यात आहे. आणि इच्छा उघडपणे मान्य केली की जबाबदारीही येते. मुलांच्या वयाला साजेशी पुस्तके घरात आहेत काय? आपल्या वाचनालयात त्यांना बसावेसे वाटते काय? त्यांच्या मिश्र बोलीतला नवा शब्द आपण कधी कौतुकाने ऐकला आहे काय? नसेल, तर आपल्या हाती नुसती कात्री आहे.

वंशवेल हा शब्द आपण सहज वापरतो. वेल वाढावी असा आशीर्वाद देणाऱ्याने तिच्यासाठी लाकडे, खांब आणि जागा यांचीही तजवीज करावी, हे त्या शब्दातच अभिप्रेत आहे असे आम्ही मानतो.